एम-६७: संयुक्त आहे हे १८७६ ला कळलं, अवयव मिळाले १९०३ ला

१,४७,५७,३९,५२,५८,९६,७६,४१,२९,२७ असे स्वल्पविराम मनाला येईल तिथे टाकले तर संख्या वाचताच येत नाही. नीट टाकले तर ती अशी दिसते: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंक. आपल्याकडे लीलावतीत एक, दश, शत करत अठरा स्थानांची नावं दिली आहेत आणि शेवटचं नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्या मापाने ही संख्या १,४७५ परार्धांच्या थोडी पुढे जाते. म्हणजे नावांची यादी संपते, संख्या संपत नाही.

तिचं लहान रूप आहे २^६७ − १, म्हणजे २ स्वतःशी ६७ वेळा गुणायचा आणि एक वजा करायचा. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पटाला चौसष्टऐवजी सदुसष्ट घरं असती, तर एकूण दाणे बरोबर इतके झाले असते. द्विमान पद्धतीत ती लिहिली तर ओळीने ६७ एक येतात, मध्ये एकही शून्य नाही. गणितात तिला एम-६७ म्हणतात. यातला एम मर्सेन यांचा.

या एका संख्येचं प्रकरण सविस्तर मांडतोय, कारण ती नेहमी एका नाट्यमय किश्शासाठी सांगितली जाते आणि त्या किश्शात तिचं खरं गणित झाकलं जातं.

यादीतली चूक

मारँ मर्सेन हे पॅरिसमधले एक धर्मगुरू. युरोपभरच्या गणितज्ञांशी त्यांचा पत्रव्यवहार असे. १६४४ साली त्यांनी छापून सांगितलं की घातांक २५७ पर्यंत घेतला तर २^घातांक − १ ही संख्या फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या घातांकांसाठी मूळ असते. पुरावा दिला नव्हता. त्या काळी अशी संख्या हाताने तपासणं कुणाला शक्यही नव्हतं, त्यामुळे यादी दोन शतकांहून जास्त काळ चालत राहिली.

या संख्यांचं एवढं महत्त्व का, हे थोडक्यात सांगायला हवं. २^घातांक − १ मूळ असेल तर तिला २ च्या (घातांक − १) व्या घाताने गुणून परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे जिच्या स्वतःखेरीजच्या सगळ्या विभाजकांची बेरीज पुन्हा तीच संख्या येते. ६ आणि २८ आपण शाळेत पाहिलेल्या असतात. हा नियम युक्लिडच्या काळापासून माहीत आहे. एम-६७ मूळ असती तर तिच्यातूनही एक प्रचंड परिपूर्ण संख्या हाती आली असती.

यादीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ असायला नको होते. ६१, ८९ आणि १०७ असायला हवे होते, ते नव्हते. ६१ चा निकाल १८८३ मध्ये इव्हान पर्वुशिन या रशियन धर्मगुरूंनी लावला. मर्सेननी ६१ लिहिलं असावं आणि छपाईत ६७ झालं असावं, असाही एक तर्क आहे. तो मोहक आहे, पण ८९ आणि १०७ का सुटले याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

अवयवाशिवाय निकाल

१८७६ मध्ये एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की एम-६७ संयुक्त आहे. एकही अवयव न दाखवता. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटतच नाही. संख्या फुटते म्हणता, तर कुठे फुटते ते दाखवा, असं म्हणावंसं वाटतं.

ल्युकांची कल्पना आज शिकवतात त्या रूपात डी. एच. लेमर यांनी १९३० च्या सुमारास आणली. कृती अशी: ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा. हेच पुन्हा करा. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा केल्यावर शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त.

घातांक ५ घेऊ, संख्या ३१. चारचा वर्ग वजा २ म्हणजे १४. चौदाचा वर्ग वजा २ म्हणजे १९४, ३१ ने भागल्यावर बाकी ८. आठचा वर्ग वजा २ म्हणजे ६२, बाकी ०. तीन वेळा झालं, शून्य आलं, ३१ मूळ. आता घातांक ११, संख्या २०४७. बाक्या अशा येतात: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. नऊ वेळा झालं, शेवटी शून्य नाही. २०४७ संयुक्त आहे. खरोखरच ती २३ × ८९ आहे, पण वरच्या आकडेमोडीत २३ किंवा ८९ कुठेही डोकावत नाही. १७३६ या आकड्याकडे कितीही टक लावून पाहिलं तरी त्यातून अवयव निघत नाहीत.

एम-६७ साठी हेच ६५ वेळा करायचं, एकवीस अंकी बाक्यांवर. कष्टाचं काम, पण संपणारं.

साधी चाचणी इथे कामाचीच नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. फर्मा या सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाच्या प्रमेयाप्रमाणे, न ही विषम मूळ संख्या असेल तर २^(न−१) ला न ने भागून बाकी १ उरते. एम-६७ या परीक्षेत आरामात पास होते. २^६७ ला तिने भागलं की बाकी १ उरते हे तर तिच्या व्याख्येतच आहे, आणि एम-६७ मधून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला ६७ ने भाग जातो. म्हणजे ती मूळ असल्याचा आव आणते. तिचं खरं रूप दाखवायला ल्युकांसारखी कडक चाचणीच लागते.

कुठे शोधायचं

१८७६ नंतर प्रश्न उरला तो अवयवांचा. आंधळेपणाने भागत बसलं तर एम-६७ च्या वर्गमूळापर्यंत जावं लागतं, म्हणजे सुमारे १,२१५ कोटींपर्यंत. पण घातांक ६७ हा मूळ असल्यामुळे अवयवांवर मोठं बंधन येतं.

समजा क हा एम-६७ चा मूळ अवयव आहे. मग २^६७ ला क ने भागून बाकी १. २ चे घात एकेक करून क ने भागत गेलं, तर बाकी १ येण्याची पहिली वेळ ६७ चा विभाजक असायला हवी. ६७ मूळ आहे आणि पहिल्याच घाताला बाकी १ येणं शक्य नाही, म्हणून ती वेळ ६७ च. फर्माच्या प्रमेयाने क−१ या घातालाही बाकी १ येते. म्हणून क−१ ला ६७ ने भाग जातो, आणि क विषम असल्यामुळे १३४ नेही जातो. थोडक्यात, क म्हणजे १३४ च्या पटीत १ मिळवलेली संख्या. १६४० च्या सुमारास खुद्द फर्माच्या हाती हा नियम आला होता.

दुसरं बंधन असं. २^६८ म्हणजे २^३४ चा वर्ग, आणि त्याला क ने भागल्यावर बाकी २ उरते. म्हणजे क च्या हिशेबात २ हा एका वर्गाची बाकी आहे, त्याला वर्गशेष म्हणतात. २ वर्गशेष असेल तर क ला ८ ने भागून १ किंवा ७ च उरतात, हे जुनं प्रमेय आहे.

दोन्ही बंधनं मिळून दर २६८ संख्यांमागे एकच उमेदवार उरतो. तरीही लहान अवयवापर्यंत पोचायला किती उमेदवार? आज उत्तर माहीत असल्यामुळे मोजता येतं. लहान अवयव १३४ × १४,४५,५८० + १ आहे. या रांगेतल्या संख्यांपैकी ८ ची अट पाळणाऱ्या ७,२२,७९० निघतात आणि आपल्याला हवी असलेली अगदी शेवटची. त्यातल्या फक्त मूळ संख्या ठेवल्या तरी ऐंशी हजारांच्या आसपास उरतात. प्रत्येकीने एकवीस अंकी संख्येला कागदावर भागायचं, आणि आधी त्या मूळ आहेत हे ठरवायचं. नुसत्या चिकाटीने हे काम कुणी पुरं केलं असतं असं मला वाटत नाही.

कोल यांची वाट

फ्रँक नेल्सन कोल न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे ते पाव शतक सचिव होते आणि तिच्या बुलेटिनचे संपादकही. त्यांनी भागाकाराचा रस्ता सोडून वर्गांच्या वजाबाकीचा धरला.

दोन विषम संख्यांचा गुणाकार नेहमी दोन वर्गांच्या वजाबाकीत लिहिता येतो. अवयव क आणि ख असतील, त्यांच्या बेरजेचं अर्धं अ आणि फरकाचं अर्धं ब असेल, तर क × ख = अ² − ब². म्हणजे अ मिळाला की काम फत्ते. अ² मधून एम-६७ वजा केल्यावर पूर्ण वर्ग उरला पाहिजे, एवढीच अट. आता अ कुठे शोधायचा?

इथलं पाऊल मला फार सुंदर वाटतं, म्हणून ते पूर्ण मांडतो. क = ६७म + १ आणि ख = ६७न + १ असं लिहा. गुणाकार केला की ६७² × मन + ६७(म+न) + १ मिळतं. बेरीज मात्र ६७(म+न) + २ आहे. दोन्ही शेजारी ठेवले की दिसतं: क + ख आणि (क × ख) + १ यांत फक्त ६७² च्या पटीइतका फरक आहे. आणि (क × ख) + १ म्हणजे तर २^६७! अवयव माहीत नसतानाच त्यांच्या बेरजेला ६७² ने, म्हणजे ४,४८९ ने, भागल्यावर काय उरेल ते कळतं. अ हा बेरजेच्या निम्मा, म्हणून अ ची बाकी २^६६ च्या बाकीइतकी.

ती बाकी कागदावर पाच ओळींत निघते. २^१२ म्हणजे ४,०९६, ती ४,४८९ पेक्षा ३९३ ने कमी. तिचा वर्ग केला की २^२४ ची बाकी १,८२३. पुन्हा वर्ग, २^४८ ची बाकी १,४६९. तिला २^१२ च्या बाकीने गुणलं की २^६० ची बाकी १,७६४. शेवटी ६४ ने गुणून २^६६ ची बाकी ६७१. म्हणजे अ ला ४,४८९ ने भागलं तर ६७१ उरलेच पाहिजेत. एका हिसक्यात दर ४,४८९ संख्यांमागे एकच शिल्लक.

पुढे ८ चा हिशेब. क आणि ख ला १६ ने भागल्यावर १, ७, ९ किंवा १५ उरू शकतात. या चौघांचाही वर्ग १६ ने भागल्यावर १ उरतो. एम-६७ ला १६ ने भागल्यावर १५ उरतात. यावरून क + ख ला १६ ने पूर्ण भाग जातो, आणि अ ला ८ ने.

मग लहान मूळ संख्या. एम-६७ ला ५ ने भागून २ उरतात. वर्गांना ५ ने भागल्यावर ०, १ किंवा ४ च उरतात, त्यामुळे अ² − ब² मधून २ हवे असतील तर अ² कडून १ आणि ब² कडून ४ हाच एक मार्ग. म्हणजे अ ला ५ ने भागून १ किंवा ४. तसंच ३ च्या हिशेबात अ ला भाग जात नाही, ब ला जातो. ७ आणि १३ साठी असेच काही पर्याय गळतात.

पण गळूनही दोन-दोन, चार-चार पर्याय उरतात, आणि त्यांचे गुणाकार वाढत जातात. कोल यांचं खरं काम इथे आहे. त्यांनी २ प्रमाणेच आणखी लहान वर्गशेष शोधून काढले. प्रत्येक नवा वर्गशेष क आणि ख वर एक नवी अट घालतो, आणि अटी एकमेकींवर ताडून पाहिल्या की पर्यायांमधला योग्य तोच उरतो. अशा रीतीने ते या निष्कर्षाला आले की अ ला १,३२,३५,३६,७६० ने भागलं तर १,१६,०९,३२,३८४ उरले पाहिजेत.

हा भाजक उलगडून पाहावा: ८ × ८१ × ५ × ७ × १३ × ६७². वर आपण हाताने काढलेली प्रत्येक अट त्यात बसलेली दिसते. बाकीही ताडून घेता येते. १,१६,०९,३२,३८४ ला ४,४८९ ने भागलं तर ६७१ उरतात, ८ ने पूर्ण भाग जातो, ५ ने भागून ४.

आता अ म्हणजे १,३२,३५,३६,७६० च्या कुठल्या तरी पटीत १,१६,०९,३२,३८४ मिळवलेली संख्या. अ वर्गमूळापेक्षा मोठा हवा, म्हणून आठव्या पटीपर्यंतचं सगळं बाद. नवव्या पटीपासून पाहायचं. उत्तर २८७ व्या पटीला आहे: अ = ३,८१,०१,५९,८२,५०४. तिचा वर्ग करून एम-६७ वजा केली की ३,८०,८२,२२,७४,७८३ चा पूर्ण वर्ग उरतो. दोघांची वजाबाकी १९,३७,०७,७२१ आणि बेरीज ७,६१,८३,८२,५७,२८७. हेच ते दोन अवयव, आणि दोन्ही मूळ आहेत.

जिथे भागाकाराच्या वाटेवर सव्वासात लाख उमेदवार होते, तिथे शेवटच्या टप्प्यात २७९ उरले. बाकीच्यांना संख्येच्या स्वतःच्या गुणधर्मांनी आधीच दार दाखवलं होतं.

३१ ऑक्टोबर १९०३

त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये सोसायटीची बैठक होती आणि कोल यांचा निबंध मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यावर होता. किस्सा असा सांगतात की कोल फळ्याकडे गेले, एक शब्द न बोलता २^६७ काढलं, एक वजा केला, मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला दोन संख्यांचा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरं जुळली, कोल जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे किती वेळ लागला असं विचारल्यावर ते म्हणाले म्हणे, तीन वर्षांचे रविवार.

ही कथा ई. टी. बेल यांनी पुष्कळ वर्षांनी लिहिली. बेल कोलंबियातच शिकले होते, पण गोष्ट रंगवून सांगण्याची त्यांची सवय गणिताच्या इतिहासकारांना चांगली माहीत आहे. त्यामुळे टाळ्या आणि रविवार यांच्यावर मी फार भार टाकणार नाही. निबंध मात्र त्याच वर्षी डिसेंबरच्या बुलेटिनमध्ये छापून आला आणि त्यात पद्धत दिलेली आहे. किश्शामुळे मनावर ठसते ती एका माणसाची सोशिकता. निबंधात दिसते ती विचाराची धार, आणि मला तीच सांगण्याजोगी वाटते.

गुणाकार तपासायचा असेल तर पूर्ण न करताही बरंच कळतं. नवांनी झाडून पाहा, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जा: पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, दुसऱ्याची ६४, एम-६७ ची १०९. तिन्ही ठिकाणी शेवटी १ येतो. अकराच्या कसोटीत अवयवांच्या बाक्या ९ आणि ८, गुणाकार ७२, बाकी ६. एम-६७ चीही ६. शेवटचे तीन अंक ७२१ × २८७ मधून ९२७ येतात. एवढ्याने सिद्ध होत नाही, पण एखादा अंक उतरवताना चुकला असता तर इथेच सापडला असता.

नंतर

कोल यांच्या नावाने सोसायटी बीजगणित आणि संख्यासिद्धांत यांसाठी पारितोषिक देते. २०११ चं संख्यासिद्धांताचं कोल पारितोषिक मुंबईत जन्मलेल्या चंद्रशेखर खरे यांना ज्याँ-पिएर विंतनबर्गर यांच्यासोबत मिळालं.

एम-६७ आजच्या संगणकाला क्षणाचंही काम नाही, पण त्यातही एक बारीक गंमत आहे. लहान अवयवातून १ वजा करा: १९,३७,०७,७२० = ८ × २७ × ५ × ६७ × २,६७७. सगळे तुकडे लहान. १९७४ मध्ये जॉन पोलार्ड यांनी एक पद्धत मांडली, तिला असाच अवयव हवा असतो, ज्यातून १ वजा केल्यावर लहान-लहान तुकडे पडतात. ३ चा एक मोठा घात घ्यायचा, घातांकात २,६७७ पर्यंतचे सगळे लहान तुकडे गुणून टाकायचे, १ वजा करायचा आणि एम-६७ बरोबर मसावि काढायचा. अवयव हाती येतो. ३ च्या जागी २ चालत नाही, कारण २ चा ६७ वा घात दोन्ही अवयवांच्या हिशेबात एकदमच १ होतो आणि मसावि म्हणून अख्खी एम-६७ परत मिळते. कोल यांच्या कागदांजवळ हा सोपा दरवाजा उभा होता, फक्त तो सत्तर वर्षांनी दिसला.

ल्युका आणि कोल यांच्या कामांमधलं सत्तावीस वर्षांचं अंतर आज सिद्धांतातही दिसतं. संख्या मूळ आहे की नाही हे अंकांच्या संख्येच्या मानाने आटोपशीर वेळात नक्की ठरवता येतं, हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. अवयव पाडण्यासाठी साध्या संगणकावर तशी पद्धत आजही कुणाला माहीत नाही, आणि आरएसए ही कुलूपबंद संदेशांची पद्धत त्याच अडचणीवर उभी आहे.

१८७६ ते १९०३ या काळात एम-६७ जिथे होती, तिथे आज २^१२७७ − १ आहे. ३८५ अंकी संख्या. ल्युकांच्या चाचणीने ती संयुक्त ठरली आहे. तिचा प्रत्येक मूळ अवयव २,५५४ च्या पटीत १ मिळवून येणार आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरणार, हेही वरच्याच युक्तिवादाने लगेच लिहिता येतं. अवयव मात्र एकही सापडलेला नाही.